काळं टिकत नाही

कमळाकराला कशाचा गर्व होता म्हणाल, तर काळ्या रंगाचा. हसू नका. माणसाला गोऱ्या बायकोचा असतो, पांढऱ्या बैलांचा असतो, ह्याला काळ्या रंगाचा होता. अंबरनाथच्या कारखान्यात तो पोलाद काळं करायच्या खात्यात होता. बंदुकांचे पांढरेफटक सुटे भाग कॉस्टिक नि सोऱ्याच्या उकळत्या पाण्यात सोडायचे, आणि बाहेर काढायचे ते जांभळासारखे काळेभोर. हा रंग वरून फासलेला नव्हे, पोलादाच्याच अंगातून आलेला. नखानं खरवडा, निघायचा नाही. हाताखालची माणसं म्हणायची, तुम्ही कढईत नुसतं डोकावलात तरी माल काळा होतो. थट्टाच ती, पण ह्याला गोड लागायची.

घरी तिघंच माणसं. हा, बायको पद्मजा, आणि थोरली बहीण वेणूताई. आई गेली तेव्हा हा रांगत होता, आणि ताई परकरातली पोर. तिनंच ह्याला कडेवर वागवला, भात मऊ करून भरवला, शाळेत नेऊन बसवला. पुढं तिचं लग्न झालं ते बदलापूरच्या पलीकडं, बारवी नदीच्या काठच्या एका गावात. भातशेतीचं घर. नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही. मग ती दिराच्या, विष्णुपंताच्या, घरात राहिली ती राबायला. "मला तिथं ताट मिळतं रे, पाट मिळत नाही," एवढंच ती एकदा म्हणाली होती. कमळाकराला नोकरी लागली तसा हा बैलगाडी करून गेला आणि तिला घेऊन आला. उंबऱ्यात तांब्या घेऊन उभ्या असलेल्या पद्मजेसमोर त्यानं सांगितलं, "ताई, आता तू इथून कुठं जायचं नाहीस." ताईच्या डोळ्याला पाणी आलं. पद्मजाही भली पोर, तिला नणंदेचा जाच म्हणजे काय ते कधी कळलंच नाही.

असं सगळं सरळ चाललं होतं. पण सरळ चाललं की माणसाला अंगावर येतं.

उल्हासनगरात, म्हणजे जुनी माणसं अजून कल्याण कॅम्पच म्हणत तिथं, टेकचंद नावाचा एक सिंधी गृहस्थ होता. शिकारपुराकडून अंगावरच्या कपड्यानिशी आलेला. लष्कराच्या जुन्या बराकीत अर्ध्या खोलीत संसार, अर्ध्या खोलीत हातानं फिरवायचा लेथ, आणि त्या लेथवर हा फाउंटन पेनं बनवायचा. त्या दिवसांत खिशाला पेन असलं की माणूस शिकलेला ठरे, मग खिशात दमडी का नसेना. टेकचंदाची पेनं दिसायला सुबक, पण निब तीच सगळ्यांची, सोन्याचं पाणी दिलेली. चार दिवसांत पाणी उडायचं नि आतलं पोलाद दात विचकायचं. कराचीत त्यानं म्हणे एका साहेबाच्या पेनाला काळी निब पाहिली होती. ती त्याच्या डोक्यातून जाईना. कारखान्यातल्या एका ओळखीच्यानं कमळाकराचं नाव सांगितलं, आणि हा थेट दारात.

"कमलाकर साईं, तुम बंदूक काली करता है, मेरा निब काला करो. आधा तुमचा, आधा माझा."

कमळाकराच्या मनात काय काय आलं असेल तुम्हीच ओळखा. स्वतःचा धंदा. खात्यातल्या भोंग्यापासून सुटका. आणि मुख्य म्हणजे, आपला काळा रंग लोकांच्या खिशात, छातीशी.

सुटीच्या दिवशी तो कॅम्पात जाऊ लागला. बराकीच्या मागं चूल, चुलीवर लोखंडी पातेलं. निब काळी व्हायला वेळ लागेना, पण काळी झालेली निब लिहीना. कारखान्यात काळा माल शेवटी तेलात बुडवतात, गंज धरू नये म्हणून. तेलकट निब शाईला जवळ येऊ देईना. तेल पुसलं की दोन दिवसांत गंज. टेकचंद कपाळाला हात लावून बसायचा. शेवटी कमळाकरानं तेल सोडून पातळ मेण घेतलं, निब गरम करून कापडानं घासून घासून ते आत जिरवलं, फट तेवढी मोकळी ठेवली. टेकचंदानं शाई भरून सही केली. निब झरझर चालली. मग पुसून पाहिली, तर जशीच्या तशी काळी, मंद चमकणारी. टेकचंदानं ह्याला उचलूनच घेतलं.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं इथूनच बिघडलं. लिहून बघायचं, पुसायचं, ठेवून द्यायचं, एवढीच त्यांची परीक्षा. निब शाईत महिना महिना बुडून राहते, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. कमळाकर कारखान्यातला माणूस. त्याला लोखंडाचे वैरी दोनच माहीत, पाणी आणि हवा. त्याच्या मालाला जन्मात शाईशी काय देणंघेणं?

दुसरी गोष्ट, टेकचंदानं त्याला शपथ घातली होती. "कॅम्प में सुबह की चीज शाम को दस दुकान में. घरी पण बोलायचा नाही." म्हणून ह्यानं घरी चकार शब्द काढला नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. दोघींना एवढंच ठाऊक, की हा कॅम्पात पेनांचं काहीतरी करतो.

गणपतीच्या सुमाराला नमुन्याची सहा पेनं तयार झाली. सातवं टेकचंदानं स्वतःच्या खिशाला लावलं, शाई मात्र दसऱ्याच्या मुहूर्तावर भरायची ठरवून. मुंबईचा एक मोठा व्यापारी दसऱ्याला कॅम्पात येणार होता. त्याला माल पसंत पडला तर दुकानंच्या दुकानं काळ्या निबेनं भरणार होती. ती सहा पेनं कमळाकरानं शेवटचा हात फिरवायला म्हणून घरी आणली.

आणि आली खंडेनवमी. ह्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकरी नांगर-कोयता पूजतो, सुतार रंधा पूजतो. कमळाकर दरवर्षी पक्कड, कानस, चिमटा पाटावर मांडायचा. ह्या वर्षी त्याला वाटलं, आपलं खरं हत्यार आता पेन. त्यानं आदल्या दिवशी सहाही पेनं उघडून त्याच पाटावर मांडली, आणि कामावर जाता जाता ताईला म्हणाला, "ताई, पाटावरचं सगळं उद्याच्या पूजेला लख्ख झालं पाहिजे हं."

आता आपल्या घरांतून सणाची भांडी नि हत्यारं कशानं लख्ख करतात? चिंच, राख नि नारळाची शेंडी. काळवंडलेली वस्तू देवापुढं ठेवणं म्हणजे घराची अब्रू. वेणूताईनं पक्कड घासली, कानस घासली, मग पेनं हातात घेतली. निबा बघते तर मिट्ट काळ्या. पोरानं कॅम्पात कुठं चुलीवर धरल्या की काय कोण जाणे, असं म्हणत तिनं त्या वाटीभर चिंचेच्या पाण्यात भिजत घातल्या, आणि दुपारभर बसून एकेक निब बोटांच्या चिमटीत धरून घासली. चांदीसारखी करून पुसून पाटावर ठेवली. वर रांगोळी काढली. भाऊ खूश होईल म्हणून वाट बघत दारात बसली.

भाऊ आला. पाटाकडं बघितलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणं हवेत जातं. तो हलक्या आवाजात बोलला, आणि ते शब्द आयुष्यभर त्या घराच्या भिंतींना चिकटून राहिले. म्हणाला, "ताई, तुझ्या हाताला काळं टिकतच नाही. गळ्यातलं नाही टिकलं, हे तरी कसं टिकेल."

गळ्यातलं काळं म्हणजे मंगळसूत्राची पोत. विधवा बहिणीला सख्ख्या भावानं हे म्हटलं. पद्मजा स्वयंपाकघरातून धावत आली, "अहो, काय बोलताय," म्हणाली, पण शब्द सुटून गेला होता.  ताईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले, विस्तवाला लागल्यासारखे.

निबा पुन्हा काळ्या करून त्यांत मेण घासून जिरवायला आठवडा लागला असता, आणि हातात एकच दिवस होता. व्यापारी आला, पांढऱ्या निबा बघितल्या, टेकचंदाच्या खिशातल्या पेनाकडं बघायलाही थांबला नाही. "एका पेनावर कोण माल घेतो," म्हणून निघून गेला. टेकचंद दिवसभर उपाशी बसला. कमळाकर घरी आला तो जेवला नाही, बहिणीशी बोलला नाही. तिनं वाढलेलं ताट सरकवून ठेवलं.

दसरा उलटून चार दिवस झाले आणि ताईनं गाठोडं बांधलं. "भाऊजींकडं भात कापणीला आलाय, हात लागतील त्यांना," एवढंच पद्मजेला सांगितलं. पद्मजा रडली, पाया पडली. कमळाकर आत होता. त्याला ऐकू येत होतं. उठावं, बाहेर जावं, गाठोडं हिसकून घ्यावं, असं त्याला वाटलं, आणि तरी तो उठला नाही. माणूस स्वतःच्या रागावरही असा बसून राहतो, अंडी उबवावीत तसा.

मग दिवाळी आली, आणि दिवाळीच्या पाडव्याला टेकचंद आला. मिठाईचा पुडा त्यानं खाली ठेवला, खिशातलं पेन काढलं, उघडलं, आणि कमळाकराच्या हातात दिलं.

निब पांढरी होती. म्हणजे धड पांढरीही नव्हे. शाईत बुडते तिथं पोलाद उघडं पडलं होतं, कडेला काळ्याचे तुकडे राहिले होते, कोड फुटावं तसे. शाईत काळा कोंडा तरंगत होता.

"स्याही खा गई, साईं," टेकचंद म्हणाला. "स्याही खट्टी होती है. आपल्याला कोणी बोलला नाही." मग तो हसायला लागला. "वो सेठ माल ले जाता, तो दिवाळीला सगळा वापस आणून माझ्या डोक्यावर मारता. मी परत रस्त्यावर. तुमच्या बहेनजीनं वाचवलं मला."

शाई आंबट. चिंच आंबट. ताईनं जे एका दुपारी केलं, तेच शाईनं महिनाभरात केलं असतं. दोष ना हाताचा, ना नशिबाचा. दोष त्याच्या काळ्या रंगाचा होता, आणि रंग पारखणाऱ्याचा. नाचता येईना, अंगण वाकडं, तशातली गत. ह्याचा रंग कच्चा, आणि बोल लागला बहिणीच्या कपाळाला.

त्या दिवशी तो निघाला असता तर संध्याकाळी ताई घरात असती. भाऊबीज दुसऱ्याच दिवशी होती. अहो, बहिणीकडं जायला पंचांगात ह्याहून चांगला दिवस कुठला? त्यानं धोतरसुद्धा बदललं. आणि मग दारातच थांबला. जाऊन सांगायचं काय? की माझा रंग टिकाऊ नव्हता? खात्यात ज्याच्या नुसत्या डोकावण्यानं माल काळा होतो, त्यानं कबूल करायचं की एका थेंबभर शाईनं त्याला हरवलं? त्यानं मनाशी म्हटलं, तिचा राग जरा निवू दे, संक्रांतीला जाऊ. खरं तर राग तिला नव्हताच. संक्रांतीला म्हटलं, गुढीपाडव्याला. पाडव्याला म्हटलं, आता पाऊस झाल्यावर. सुंभ जळला, पीळ काही जळेना. पद्मजेला त्यानं शाईची गोष्ट सांगितलीच नाही. ती बिचारी दर सणाला विचारायची, "वन्संना आणायचं का?" हा म्हणायचा, "ती स्वतःहून गेलीय." पद्मजेला वाटायचं, नुकसान फार मोठं झालं असेल, म्हणून राग जात नाही.

रोज कढईतून काळा माल निघायचा आणि त्याला तो बघवायचा नाही. माणसं थट्टा करायची, ह्याला ती टोचायची. कुणाला कळू न देता झुरणं म्हणजे काय, हे त्याला त्या दिवसांत कळलं. पण झुरण्यानं बदलापूरची वाट काही कमी होत नव्हती.

अशी दोन वर्षं गेली. टेकचंद आता न गंजणाऱ्या पांढऱ्या निबा आणून बसवू लागला होता, त्याचं बरं चाललं होतं. एकदा नवरात्रात तो सहज घरी आला. पद्मजेनं चहा दिला. टेकचंद इकडंतिकडं बघून म्हणाला, "बहेनजी कुठं? मी सगळ्यांना तिचा किस्सा सांगतो. बोलतो, एक बाईनं इमलीनं माझा धंदा वाचवला. तिला बताया ना तुम्ही? स्याही सगळं खाऊन गेली ते?"

पद्मजेच्या हातातली बशी तशीच राहिली. "काय सांगायचं होतं हो वन्संना?"

टेकचंद भोळा माणूस. त्यानं सगळं सांगितलं, दिवाळीच्या पाडव्यासकट.  टेकचंद गेल्यावर पद्मजा एकच वाक्य बोलली, आणि तेही न रागावता. "तुम्ही माझ्यासुद्धा मनात त्या माउलीविषयी वाईट येऊ दिलंत." मग ती आत गेली, आणि ह्याच्यासाठी भाकरी बांधायला बसली. आता तरी जा, असं तिनं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बदलापूरला उतरला. कात्रपाच्या शेतांमधून पुढं एका बैलगाडीत बसला, गाडीवाट संपली तिथून चालला. भात पिवळा पडत आला होता. विष्णुपंताच्या अंगणात शिरला तेव्हा विष्णुपंताची बायको सगुणाबाई जोत्यावर बसून कोयते-विळे घासत होती. खंडेनवमी उद्यावर होती. वेणूताई लांब, ओटीच्या टोकाला, सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"कमळाकर?" ती उठली. दोन वर्षांत केस पांढरे झाले होते, पण हाक तीच, शाळेच्या दारात मारायची ती. "किती वाळलास रे. पद्मजा बरी आहे ना?" तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवायला उचलला आणि मधेच मागं घेतला. ते मागं घेणं कमळाकरानं पाहिलं.

सगुणाबाई म्हणाली, "बघा हो, तुमच्या बहिणीला समजवा जरा. एवढी कामाची बाई, पण हत्याराला हात लावत नाही. हळदीकुंकवाच्या करंड्याला लावत नाही. मागच्या माघात माझ्या लेकीचं लग्न झालं, काळ्या मण्यांची पोत ओवायची होती, ही गोठ्यात जाऊन बसली. म्हणते, माझ्या हाताला काळं टिकत नाही."

कमळाकर जोत्यावर बसला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं. शाई आंबट असते हे सांगितलं, टेकचंदाच्या खिशातली निब सांगितली, व्यापाऱ्यानं माल नेला असता तर काय झालं असतं ते सांगितलं. "ताई, तुझ्या हातानं काही गेलं नाही. जायचंच होतं ते. उलट तू वाचवलंस. मीच नालायक, मी बोललो ते." तो रडत होता, आणि सगुणाबाई घासायचं थांबून ऐकत होती.

वेणूताई जवळ येऊन बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळं नाही?"

"नाही ताई."

"शाईनंच गेलं असतं?"

"गेलंच होतं. टेकचंदाच्या पेनाला तू कुठं हात लावला होतास?"

ती हसली. लहान पोरीसारखी हसली, आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघत. "ऐकलंस का गं सगुणा? माझ्यामुळं नाही म्हणतो." डोळे पुसत ती आत गेली. कमळाकरानं दारातून पाहिलं, ती खुंटीवरची लुगडी काढत होती, गाठोडं बांधत होती. बोलत होती एकसारखी. पद्मजेला कुरडया आवडतात, थोड्या नेऊ या. तुळशीला पाणी कोण घालतं रे आता? तुझा सदरा बघ, बटण तुटलंय, कुणाचं लक्ष नाही. कमळाकराच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्याला वाटलं, झालं, आपली ताई परत मिळाली.

गाठ मारता मारता तिनं सहज विचारलं, "हे तुला कळलं कधी रे?"

"परवा" हा शब्द त्याच्या ओठावर आला होता. तो म्हणाला असता तर ताईनं गाठ मारली असती, आणि दिवेलागणीला दोघं अंबरनाथला पोचली असती. पण त्याला वाटलं, एवढं खोटं घेऊन हिला उंबऱ्यातून आत कसं न्यायचं.

"त्याच दिवाळीत," तो म्हणाला. "पाडव्याला."

ताईचे हात गाठीवरच थांबले.

"भाऊबीजेच्या आदल्या दिवशी?"

"हो."

 "त्या भाऊबीजेला मी अंगणात पाट मांडून ठेवला होता," ती म्हणाली. "म्हटलं, येईल. ओवाळायचं नाही मी, माझा हात लागायला नको, सगुणेला सांगेन ओवाळायला. नुसतं बघेन." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कमळाकरानं पाय तरी धरले असते. "दोन वर्षं मी ह्या हातांना घाबरले रे. आणि तुला माहीत होतं."

"ताई, चुकलो मी. चल घरी."

तिनं गाठ सोडली. लुगडी एकेक करून परत खुंटीवर टाकली, घडी न मोडता. मग बाहेर येऊन तिनं जोत्यावर पाट टाकला, त्याच्यापुढं ताट ठेवलं, आणि आत बघून हाक मारली, "सगुणा, भात झाला असेल तर आण गं. पाहुणे लांबून आलेत, दिवस मावळायच्या आत घरी पोचायचंय त्यांना."

तिनं स्वतःच्या हातानं वाढलं. कमळाकर मान खाली घालून जेवला, आणि पानात काही टाकलं नाही.